पुढील स्टेशन, टीएचसी!

१९६०च्या दशकाची सुरुवात. इस्रायलमधला राफाएल मेशुलाम नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ पोलिसांच्या कार्यालयात गेला आणि पाच किलो लेबनानी चरस घेऊन बाहेर पडला. चरस पोलिसांनीच दिला होता, संशोधनासाठी. जवळ गाडी नव्हती, म्हणून स्वारी बसने निघाली. थोड्याच वेळात बसमधली नाकं वर झाली : कसला वास येतोय हा? त्याच पिशवीतून १९६४मध्ये मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी एक रेणू शुद्ध रूपात वेगळा केला आणि त्याची रचना कागदावर मांडली. त्याचं नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, घरचं नाव टीएचसी. गांजाने, भांगेने, चरसाने जी तार लागते, ती मुख्यतः याची करणी.

त्याची गोष्ट बसमध्ये सुरू झाली, आपण ती लोकलमध्ये पुढे नेऊ. ठाणे-पनवेल गाडी पकडा, खिडकी मिळाली तर बघा, आणि एक खूणगाठ बांधून ठेवा : या रेणूच्या गोष्टीत सगळा खेळ जराशा फरकाचा आहे.

ऐरोली : मादीच्या अंगावरचं दव

फ्लेमिंगो बघायला खाडीकडे जाणारे इथे उतरतात. आपण झाड बघू. भांगेत नर आणि मादी ही वेगवेगळी झाडं असतात, आणि टीएचसीचा साठा असतो मादीच्या फुलोऱ्यावर. तिथे काचेसारखे बारीक केस असतात, प्रत्येकाच्या टोकाला राळेचा थेंब. भिंगातून पाहिलं तर पहाटेचं दव पडल्यासारखं दिसतं. नराचा पराग लागला की झाड बिया धरतं आणि राळ कमी होते. म्हणून ब्रिटिश अमदानीत बंगालमधले शेतकरी नरझाडं हुडकून उपटायला खास जाणकार बोलावत. सरकारी कागदांत त्याला चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटलंय!

पान म्हणजे भांग, फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. एकाच झाडाची ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे जुईनगरला लागतील. आपण ‘तुळशीत भांग’ म्हणून नाक मुरडतो, पण भांगेच्या स्वतःच्या कुळात डोकावलं तर बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची वेल सापडते. घराणंच तसलं!

रबाळे : वडा आणि डाव

दोन्ही बाजूंना एमआयडीसी. इथल्या कुठल्याही केमिस्टला विचारा : कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २, ओळखा पाहू कोण? टीएचसी म्हणालात तर बरोबर. प्रोजेस्टेरॉन म्हणालात तरी बरोबर! गर्भ टिकून राहावा म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ जे देतात तेच हे संप्रेरक. अणूंचा हिशेब सारखाच, फक्त मांडणी वेगळी. ‘वडा’ आणि ‘डाव’ यांत अक्षरं तीच असतात, म्हणून कोणी डाव चटणीला लावून खात नाही.

घणसोली : ४४चा फरक

हिरव्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतोच. असतं ते त्याचं आम्ल, टीएचसीए. ते अंगावर कार्बन डायऑक्साइडचं एक जादा ओझं घेऊन बसलेलं असतं आणि त्या अवतारात मेंदूपेशींवरच्या ग्राहींच्या कुलपात नीट बसत नाही. म्हणून नुसतं कच्चं पान चावून म्हणण्यासारखी नशा येत नाही. आच लागली की ते ओझं उडून जातं, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखं. रेणूचं वजन ३५८वरून ३१४वर येतं. गेलेले ४४ म्हणजे तोच कार्बन डायऑक्साइड. १०० ग्रॅम आम्लातून जेमतेम ८८ ग्रॅम टीएचसी हाती लागतो. चिलमीतला विस्तव, भांग उकळणारं पातेलं, बैराग्याची धुनी, सगळे नकळत हीच रासायनिक क्रिया करत आले आहेत.

कोपरखैरणे : काकांचा दुसरा पेला

टीएचसीचं आणि पाण्याचं हाडवैर. एक लिटर पाण्यात तो तीन मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नाही. स्निग्धात मात्र खुशाल. थंडाईत दूध, बदाम, मगज का, याचं अर्धं उत्तर चवीत आहे आणि अर्धं रसायनशास्त्रात.

दर होळीला कुठल्या ना कुठल्या सोसायटीत एक काका असतातच. पहिला पेला रिचवतात, वीस मिनिटं घड्याळ बघतात, ‘ह्यॅ, काही होत नाही’ म्हणून दुसरा लावतात. तासाभराने काका जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलेले असतात आणि दर वेळी आकडा वेगळा येतो. दोष काकूंच्या हाताचा नाही, वाटेचा आहे. झुरक्यातला टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतो. पोटातून गेलेला आधी यकृताची वारी करतो, त्यामुळे अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. शिवाय यकृत त्याला एक हायड्रॉक्सी गट चिकटवून असं रूप देतं, जे मेंदूत आणखी सहज शिरतं. म्हणजे काकांचा पहिला पेला वाटेत होता. दुसऱ्याने त्याला गाठलं.

मेशुलाम यांच्या घरीही असा एक ‘सण’ झाला होता. पत्नी दालिया यांनी केक केला. दहा मित्रांपैकी पाच जणांच्या वाट्याला १० मिलिग्रॅम टीएचसी आला, पाच जणांना साधा केक. मात्रा एकच, पण एक जण हसत सुटला, एकाचं तोंड बंद होईना, एक जण घाबरून गेला. रेणू तोच. माणूस बदलला की परिणाम बदलतो.

तुर्भे : मिरीचं कुलूप

मसाला मार्केटला जायचं तर उतरा इथेच. एपीएमसीच्या गल्लीत शिरल्याबरोबर पहिली शिंक, मग वासांची रांग : धणे, लवंग, जायपत्री, मिरी. मी एका गाळ्यावर उघड्या गोणीतले चार मिरे उचलले. शेठजी हिशेबातून मान वर न करता म्हणाले, ‘घ्या, घ्या.’ एक दाताखाली फोडला. आधी लाकडासारखा वास, मग जिभेच्या टोकाला चटका.

त्या लाकडी वासात बीटा-कॅरियोफिलीन असतं. लवंगेत असतं आणि गांजातही असतं. २००८मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की हा मसाल्यातला रेणू शरीरातल्या सीबी-२ या कुलपात बसतो. टीएचसीची धमाल चालते ती सीबी-१ या कुलपात. सीबी-१ मेंदूत खचाखच भरलेलं, सीबी-२ मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर. म्हणून मिसळीवर कितीही मिरपूड घाला, डोळ्यांत पाणी येईल, तार लागणार नाही.

आणखी गंमत म्हणजे शुद्ध टीएचसीला म्हणण्यासारखा वासच नसतो. पोलिसांचा कुत्रा बॅगेपाशी थांबतो तो उडून जाणाऱ्या सुगंधी तेलांमुळे, आणि त्यात याच कॅरियोफिलीनचं ऑक्साइड असतं. उरलेले तीन मिरे मी खिशात टाकले.

जुईनगर : फुलाला शिक्षा, पानाला सवलत

फुलाचं नाव लावणाऱ्या स्टेशनावर फुलाचा कायदा. १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा किंवा फळधारी शेंडा. पानं आणि बिया, शेंड्यासोबत नसतील तर, त्या व्याख्येबाहेर! म्हणून उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात. हे वाचून नवी मुंबईकरांनी हुरळून जाऊ नये. महाराष्ट्रात भांगेवर १९४९चा राज्याचा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय तीही चालत नाही.

गांजाचं गणित किलोत. एक किलोपर्यंत ‘अल्प’ मात्रा, २० किलोच्या वर ‘व्यापारी’. अल्पला वर्षापर्यंत कैद होऊ शकते, व्यापारीला किमान दहा वर्षं. बियांचा मात्र भाव वधारलाय. २०२१मध्ये एफएसएसएआयने हेम्पच्या बियांना अन्न म्हणून मान्यता दिली. अट अशी की एक किलो बियांत टीएचसी पाच मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये.

नेरूळ : सुवर्णपदक आणि १५० नॅनोग्रॅम

डी. वाय. पाटील स्टेडियम. २ नोव्हेंबर २०२५ला इथेच आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला आणि अख्खं शहर तर्र झालं, पूर्णपणे कायदेशीर मार्गाने.

खेळाडूंना टीएचसी स्पर्धेच्या काळात वर्ज्य. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या रॉस रेबाग्लियाती याने स्नोबोर्डिंगचं सुवर्ण जिंकलं आणि लघवीत टीएचसीचे अंश सापडले म्हणून पदक गेलं. मग कोणीतरी नियमावली उघडली, तर गांजा बंदीच्या यादीतच नव्हता! पदक परत आलं. यादीत गांजा नंतर आला. २०१३मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, लघवीतली मर्यादा मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमवरून १५०वर नेली. कारण पुन्हा तेच, स्निग्धाशी दोस्ती. टीएचसी चरबीत मुक्काम ठोकतो आणि हळूहळू बाहेर पडतो. नशा काही तासांत उतरते, पण नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत खुणा काही आठवडेसुद्धा सापडतात.

सीवूड्स-दारावे : पोट भरलंय, पण…

स्टेशनाच्या डोक्यावरच मॉल, मॉलमध्ये फूड कोर्ट. टीएचसीने भूक खवळते ती का? एक कारण नाकात : मेंदूतल्या वासाच्या केंद्रात सीबी-१ची कुलपं आहेत. ती उघडली की वडापावचा वास दुप्पट जोराने येतो. दुसरं कारण आणखी खट्याळ. २०१५मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांत पाहिलं की ‘पोट भरलं, बस’ म्हणणाऱ्या चेतापेशीच या काळात ‘अजून वाढा’ म्हणू लागतात. वाढपीच पंगतीला जेवायला बसावा तसं.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, हे कुलूप बंदच केलं तर वजन उतरेल. त्यातून रिमोनाबँट हे औषध आलं. युरोपात २००६मध्ये परवानगी मिळाली. वजन उतरलं, पण त्याबरोबर मनही उतरलं : नैराश्य, आत्महत्येचे विचार. २००८मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं, २००९मध्ये भारतानेही बंदी घातली. हे कुलूप फक्त भुकेचं नव्हतं, आनंदाचंही होतं. त्याच्या घरच्या किल्लीचं नाव मानसरोवरला कळेल.

सीबीडी बेलापूर : नावात काय आहे?

इथे ‘सीबीडी’ म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट. भांगेच्या जगात सीबीडी म्हणजे कॅनाबिडायॉल, टीएचसीचा सख्खा भाऊ. त्याचेही अणू तेच, २१-३०-२. फरक एका कड्याचा : टीएचसीत ऑक्सिजनने गाठ मारून तिसरं कडं पुरं केलंय, सीबीडीत ते उघडंच राहिलंय. तेवढ्यावर एक भाऊ मैफल गाजवतो आणि दुसरा ऑफिसात वेळेवर जातो.

सीबीडीने तार लागत नाही. २०१८मध्ये त्याच्या शुद्ध द्रावणाला अमेरिकेच्या एफडीएने लहान मुलांच्या दोन हट्टी अपस्मारांसाठी मान्यता दिली, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ. त्याच वर्षी वाडानेही त्याला बंदीच्या यादीतून मोकळं केलं. आता ‘सीबीडी तेल’ जो तो विकतो : गुडघ्याला, झोपेला, केसांना. बेलापूरच्या एवढ्या उंच इमारतींत मावणार नाहीत इतके दावे. पुरावा भक्कम आहे तो अपस्मारात.

खारघर : उलटी थांबवणारा, उलटी करवणारा

टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन आणि उपचारांचं केंद्र खारघरमध्ये आहे. केमोथेरपी घेतलेल्या कोणाहीपाशी बसा, केस गेल्याचं दुःख ते नंतर सांगतात, आधी सांगतात मळमळीचं. भाताच्या वाफेनेसुद्धा पोट ढवळतं.

टीएचसीला औषधाची पाटी मिळाली ती याच मळमळीमुळे. प्रयोगशाळेत तयार केलेला टीएचसी ‘ड्रोनॅबिनॉल’ या नावाने १९८५मध्ये अमेरिकेत केमोच्या उलट्यांसाठी मान्य झाला, १९९२मध्ये एड्सच्या रुग्णांची भूक मरते त्यासाठीही. कॅप्सूलमध्ये तो कशात विरघळवलाय? तिळाच्या तेलात! संक्रांतीला आपण ज्याच्यामुळे गोड बोलतो, त्याच तिळाच्या. दरम्यान १९९१मध्ये ओंडान्सेट्रॉन आलं, नशा न आणता उलट्या थोपवू लागलं, आणि टीएचसी मागच्या बाकावर गेला. इतर औषधं हरली की अजूनही त्याला हाक जाते.

आता दुसरी बाजू. २००४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एक विचित्र आजार नोंदवला. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांना अचानक उलट्या सुरू होतात आणि थांबता थांबत नाहीत. त्यांना आराम कशाने पडतो? कढत पाण्याच्या आंघोळीने. काही जण तासन्‌तास न्हाणीघरातच. कायमचा उपाय एकच, गांजा सोडणे. तोच रेणू थोड्या मात्रेत उलटी थांबवतो आणि वर्षांच्या अतिरेकाने सुरू करतो.

मानसरोवर : आतला आनंद

गर्दी ओसरते, तळ्याच्या नावाचं स्टेशन येतं. प्रश्न असा की भांगेच्या झाडासाठी माणसाच्या मेंदूत कुलूप आलंच कुठून? कुलूप आहे म्हणजे घरची किल्लीही असणार. ती १९९२मध्ये मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडली, डुकराच्या मेंदूत. तिचं नाव ठेवताना विल्यम डेव्हेन यांनी संस्कृतकडे हात पसरला : आनंद. त्यावरून ‘अ‍ॅनंडामाइड’! जेरुसलेममध्ये बारसं आणि नाव आपल्या घरचं.

आनंद क्षणभंगुर असतो हे संतांनी सांगितलं, ते जीवरसायनशास्त्रानेही मान्य केलं. शरीर अ‍ॅनंडामाइड जागच्या जागी बनवतं आणि लगेच मोडून टाकतं. टीएचसी मात्र पाहुणा म्हणून येतो आणि उठायचं नाव घेत नाही. स्मृतीच्या केंद्रात बसला की बोलता बोलता वाक्याचं शेपूट हरवतं. वेळेच्या जाणिवेत बसला की पाच मिनिटं पंधरा वाटतात. हार्बरवर हा अनुभव गांजाशिवायही मिळतो ही गोष्ट वेगळी. नाडी वाढते, डोळे लाल होतात. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र ही कुलपं फार थोडी, म्हणून अफूच्या कुळातल्या औषधांसारखा नुसत्या टीएचसीने श्वास बंद पडत नाही. त्याचा अर्थ तो निरुपद्रवी असा नाही. नशेत स्टिअरिंग हाती घेणारा इस्पितळात जातो किंवा दुसऱ्याला पाठवतो. आणि वयाचा फरक सर्वांत महाग पडतो. मेंदूचं बांधकाम पंचविशीपर्यंत चालतं. कोवळ्या वयात, रोज आणि जहाल माल घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो.

पाम बीच रोडवर पहाटे धावणाऱ्यांना शेवटच्या किलोमीटरला जी हलकी तार लागते, तिच्यात या घरच्या किल्ल्यांचा वाटा असावा असं उंदरांवरचे प्रयोग सुचवतात. तिला परवाना लागत नाही.

न्हावा शेवा : शब्द गेला, माल आला

परत बेलापूरला या आणि उरणची गाडी पकडा. ही लाइन उरणपर्यंत सुरू झाली जानेवारी २०२४मध्ये. इथे बंदर आहे, म्हणून समुद्रापारच्या गोष्टी.

पहिली शेजारची. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरच्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद आहे. त्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा सांगतो की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान हिंडून यावंसं वाटलं की आपण थोडी भांग घेतो. तिकीट नाही, व्हिसा नाही!

दुसरी : १८४५पासून भारतातले गिरमिटिये मजूर जमैकाला गेले आणि ‘गांजा’ हा शब्दही त्यांच्यासोबत गेला. आज तो तिथल्या बोलीत आपल्यापेक्षा जास्त मिरवतो. तिसरी : १८९३-९४मध्ये सरकारने भांग-गांजावर आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, सरसकट बंदीची गरज नाही.

पण त्या काळचा माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत पकडलेल्या गांजात १९९५मध्ये सरासरी ४ टक्के टीएचसी होता, २०१४मध्ये १२ टक्के. २०२५च्या सुरुवातीला एनसीबीने नवी मुंबईत कोकेनसोबत हायड्रोपोनिक गांजा आणि गांजाच्या गमीची २०० पाकिटं पकडली. गमी दिसते लिमलेटच्या गोळीसारखी, आणि पोटातून जाणाऱ्या मालाचा कोपरखैरणेचा धडा तिलाही लागू : चढते उशिरा, चढते जोरात.

द्रोणागिरी : पर्वत की मुळी?

उरणच्या आधीचं स्टेशन, नाव ऐकताच रामायण आठवतं. मारुतीला संजीवनी ओळखता आली नाही, म्हणून त्याने अख्खा पर्वत उचलला. रसायनशास्त्रज्ञांनी नेमकं उलट केलं. पर्वतातून झाड, झाडातून राळ, राळेतून एकच रेणू, आणि त्याचं नाव ठेवलं ड्रोनॅबिनॉल. टेट्राहाय‘ड्रो’कॅ‘नाबिनॉल’ यातली अक्षरं वेचून केलेलं हे नाव, द्रोणागिरीशी त्याचा संबंध नाही. कान मात्र ऐकत नाहीत.

पण मुळी एकटी आणली की काम भागतं का? टीएचसी आणि सीबीडी जवळजवळ समसमान असलेला तोंडात मारायचा फवारा कॅनडाने २००५मध्ये आणि ब्रिटनने २०१०मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी स्वीकारला. एक भाऊ नाचतो, दुसरा त्याचा हात धरतो. आयुर्वेद भांगेला ‘विजया’ म्हणतो, पण ती शोधन केल्याशिवाय वापरत नाही, आणि आपल्या औषध नियमांतही ती विषारी द्रव्यांच्या ई-१ यादीत आहे, बचनाग आणि कुचल्याच्या पंगतीला. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी. भारताचं मत त्या २७मध्ये होतं. तिथेही फरक दोनच मतांचा.

गाडी उरणला लागली. खिशात हात गेला तर तीन मिरे. एक दाताखाली फोडला. तोच लाकडी वास, तोच चटका, कान गरम. बाकी काही नाही. किल्ली भांगेच्या घरातलीच, कुलूप तेवढं शेजारचं.